आइसलँडमध्ये गाडी भाड्याने घेताय? ‘फुल इन्शुरन्स’ या शब्दांवर विसंबू नका

आइसलँडचा रिंगरोड, म्हणजे एक नंबरचा महामार्ग, तेराशे किलोमीटरहून थोडा लांब आहे. तो पुरा करून माणसं घरी येतात, फोटो दाखवून होतात आणि पंधरा-वीस दिवसांनी क्रेडिट कार्डावर लाखभर रुपयांचा खर्च पडलेला दिसतो. कारण दिलेलं असतं ‘गाडीचं नुकसान’. ओटीपी आलेला नसतो. ओटीपीशिवाय पैसे जात नाहीत ही आपली इथली सवय, आणि फसगत तिथेच होते. परदेशी व्यापाऱ्याला ओटीपी लागेलच असं नाही. शिवाय गाडी घेताना ज्या करारावर सही होते, त्यात ‘नंतर निघालेली रक्कम याच कार्डावरून वसूल करू’ असं कलम असतं.

सगळ्या कंपन्या लबाड नाहीत. पण ज्या आहेत, त्यांचं काम ‘फुल इन्शुरन्स’ या दोन शब्दांवर चालतं. भाड्यात धरलेला विमा म्हणजे सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर), गाडीला झालेल्या नुकसानीचा. त्यात नुकसानीचा पहिला हिस्सा तुमच्यावरच असतो आणि तो दोन-तीन लाख क्रोनांपर्यंत सहज जातो (एक क्रोना म्हणजे साठ-सत्तर पैसे). खडी उडून काच, दिवे, रंग खराब झाला तर जीपी नावाचं वेगळं संरक्षण लागतं, वाळू-राखेसाठी एसएएपी. दक्षिण किनाऱ्यावर वीक ते होप्न या टप्प्यात वारा सुटला की काळी वाळू गाडीचा रंग खरवडून काढते. त्या वाटेने जाणार असाल तर एसएएपीवर पैसे वाचवू नका.

एवढं सगळं घेऊनही दोन गोष्टी बहुतेक करारांत बाहेरच राहतात: वाऱ्याने उलटा फिरलेला दरवाजा आणि नदी ओलांडताना इंजिनात शिरलेलं पाणी. दरवाज्याचा बिजागर वाकला की खर्च मोठा येतो, आणि अशा वेळी कंपनीचं बिल खोटंही नसतं. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करा, एका वेळी एकच दरवाजा उघडा, तोही दोन्ही हातांनी धरून. गाडीचं पोट आणि टायरही बऱ्याचदा वगळलेले असतात. ‘एफ’ने सुरू होणाऱ्या डोंगरी रस्त्यांवर साधी टू-व्हील ड्राइव्ह गाडी नेली तर विमा संपलाच म्हणायचा.

बुकिंग करणाऱ्या संकेतस्थळावर ‘संपूर्ण संरक्षण’ घेतलेलं असेल तर ते काउंटरवर चालत नाही. आधी तुम्ही पैसे भरायचे, मग करार, नुकसानीचा अहवाल, बिल आणि कार्डाचं स्टेटमेंट जोडून परत मागायचे. काउंटरवरचा माणूस ‘हे चालत नाही, आमचंच घ्या’ म्हणतो, तेव्हा तो अर्धंच खरं सांगत असतो. डिपॉझिटसाठी कार्डावर पुरेशी मर्यादा मोकळी असेल तर नाही म्हणता येतं.

खरा बचाव केफ्लाविकला, म्हणजे विमानतळावर, चावी हातात येते तेव्हाच करायचा. हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांचा, गाडी चिखलाने माखलेली, बाहेर पाऊस. जुने ओरखडे दिसतच नाहीत आणि परत करताना ते तुमचे ठरतात. गाडी उजेडात घ्या, काच पुसून घ्या, न थांबवता एकच व्हिडिओ काढा. चारही बाजू, पुढच्या काचेचा प्रत्येक कोपरा, बॉनेटची कड, चारही चाकांच्या रिम, दरवाज्यांच्या फटी, छत, किलोमीटर आणि इंधनाचा काटा. सापडलेला प्रत्येक डाग त्यांच्या कागदावर लिहून सही घ्या. ‘एवढं आम्ही मोजत नाही’ हे तोंडी आश्वासन लेखी मागा. व्हिडिओ लगेच कंपनीला ई-मेलने पाठवा, म्हणजे तारीख-वेळ पक्की होते.

परत करताना पहाटेच्या विमानासाठी गाडी तशीच उभी करून चावी कंपनीच्या पेटीत टाकून निघणं टाळा. तुमच्यामागे झालेल्या तपासणीला साक्षीदार नसतो. इलाजच नसेल तर गाडी धुऊन आणा आणि तोच व्हिडिओ पुन्हा काढा.

आकुरेयरीजवळचा वाद्लाहेइदी बोगदा टोलचा आहे, पण तिथे नाका नाही. 24 तासांत ऑनलाइन पैसे भरले नाहीत तर बिल कंपनीकडे जातं आणि ती वर स्वतःचं शुल्क लावते. धबधब्यांजवळ कॅमेऱ्याने गाडीचा नंबर टिपणाऱ्या पार्किंगचंही तसंच. कार्ड मशीनने ‘रुपयांत की क्रोनांत’ विचारलं तर क्रोनाच निवडा. रुपयांचा दर मशीनवाल्यांनी लावलेला असतो, आणि तो महाग पडतो.

बिल आलंच तर हो म्हणण्याआधी नुकसानीचे तारखेसह फोटो आणि वर्कशॉपचा भाग-मजुरीनिहाय हिशेब मागा, सगळं ई-मेलवरच. नुसता ठोक आकडा मान्य करू नका. रक्कम कापली गेली असेल तर बँकेत ‘डिस्प्यूट’ नोंदवा आणि दोन्ही व्हिडिओ, सही केलेला कागद, पत्रव्यवहार सोबत द्या. या तक्रारीला मुदत असते, म्हणून स्टेटमेंट दिसल्याच्या दिवशीच बँकेला कळवा.