साठीनंतरचं नैराश्य: कुठली गोळी, की आधी समुपदेशन?

उतारवयात नैराश्य आलेला माणूस ‘मला उदास वाटतं’ असं क्वचितच म्हणतो. पोट साफ होत नाही, अंग जड झालंय, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, अशा तक्रारी असतात. म्हणून आधी रक्त तपासा: टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन, साखर, सोडियम आणि बी-१२. वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ उतरलेलं सापडतं, आणि थायरॉईड मंदावला तरी माणूस असाच गळून गेलेला दिसतो.

मग प्रश्न गोळीचा. कुठली गोळी ‘भारी’ यापेक्षा घरातल्या गोळ्यांच्या डब्यात आधीपासून काय आहे, यावर निवड ठरते.

एस्सिटालोप्राम बहुधा पहिली दिली जाते. या वयात सुरुवात रोज ५ मिलिग्रॅमने, आणि ६५ नंतर सहसा १० च्या वर नेत नाहीत. हिची खरी खोड सोडियम उतरवण्याची. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल (पट्टीमागची बारीक अक्षरं वाचा) तर धोका वाढतो. दोन-चार आठवड्यांत चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ दिसला, तर घरचे ‘वय झालं’ म्हणतात. तेव्हा सोडियम तपासायचं असतं. ॲस्पिरिन किंवा गुडघेदुखीची गोळी चालू असेल तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यताही वाढते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना अनेकदा सर्ट्रालिन देतात. जुलाब होऊ शकतात, एवढं लक्षात ठेवा.

मिर्टाझापिनचा स्वभाव वेगळा. रात्री ७.५ किंवा १५ मिलिग्रॅम. झोप लागते, भूक वाढते. जेवण सुटलेल्या, वाळत चाललेल्या आजीला ही बरी. वजन आणि साखर आधीच वाढलेल्यांना मात्र तीच भूक महागात पडते. रात्री लघवीला उठताना गुंगीत पडू नये म्हणून बाथरूमच्या वाटेवर दिवा हवाच.

अमिट्रिप्टिलिन स्वस्त, पण म्हाताऱ्या शरीराला जड: बद्धकोष्ठता, लघवी अडणं, भ्रम. अल्प्राझोलॅमने झोप लागते, पण ती नैराश्यावरची गोळी नव्हे. सवय लागते, माणूस पडतो. वर्षानुवर्षं चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

समुपदेशन सौम्य ते मध्यम नैराश्यात गोळीच्या तोडीचं ठरतं. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत १८ ते ६५ वयाच्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलेल्या सामान्य लोकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. नेहमीच्या उपचारांबरोबर या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लक्षणांतून बाहेर आले, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. पद्धत साधी. सुटलेली कामं लहान तुकड्यांत परत सुरू करायची. ‘फिरायला जा’ म्हणून भागत नाही. ‘साडेसहाला कोपऱ्यापर्यंत जाऊन दूध आणायचं’ असं ठरवून वहीत खूण करायची. ऐकू कमी येत असेल तर आधी कानाचं यंत्र बघा, नाहीतर बैठक वाया. स्मरणशक्ती घसरली असेल तर घरातलं एक माणूस सोबत बसवा.

मध्यम ते तीव्र नैराश्यात दोन्ही एकत्र, यात फारसा वाद नाही. जेवणपाणी सोडलं, भास होतात किंवा जीव द्यायची भाषा चालू आहे, तर गोळीच्या परिणामाची वाट बघत न बसता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. घरी एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा हाताशी ठेवू नका. फोनवर मदत हवी तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. अशा वेळी ईसीटी (मेंदूला विजेचा सौम्य झटका देण्याचा उपचार) सुचवली तर दचकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार ती भूल देऊनच करावी लागते. आठवड्यात दोन-तीन वेळा, एकूण साधारण सहा ते बारा वेळा. त्या दिवसांतलं काही विसरायला होतं.

गोळीला चार ते सहा आठवडे द्या, या वयात कधी आठ-बाराही. पंधराव्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणून डॉक्टर बदलू नका. बरं वाटल्यावरही सहा ते बारा महिने चालू ठेवतात, मग हळूहळू उतरवतात.