गळ्यातली गाठ 'विरघळवणारे' थेंब: पैसे भरण्याआधी हे वाचा

सहा बाटल्यांचे पैसे आगाऊ, तीन 'खास' तपासण्यांचे वेगळे. आणि एवढं उकळणाऱ्या या थेंबवाल्या 'डॉक्टर'ने जीभ बाहेर काढायलासुद्धा सांगितलं नाही!

गाठ कंठमण्याच्या जरा वर, बरोब्बर मधोमध. तिथे पहिला संशय थायरोग्लॉसल सिस्टचा घ्यायचा, म्हणजे गर्भात थायरॉइड जिभेच्या मुळापासून खाली उतरतं त्या वाटेवर उरलेल्या पिशवीचा. आधी घोटभर पाणी गिळायला लावायचं, मग तोंड उघडून जीभ पुढे काढायला सांगायची. गिळताना थायरॉइडची गाठही वर सरकते; जीभ काढल्यावरही सरकली तर बहुधा सिस्ट. डर्मॉइड (त्वचेच्या पेशींची जन्मजात गाठ) असेल तर जीभ काढून ती हलत नाही. दहा सेकंदांचं काम. व्हिडिओ कॉलवर या गृहस्थाने 'मान वर करा' म्हटलं आणि 'थायरॉइड सुजलंय' सांगून मोकळा. तिथेच कॉल कापायचा होता. पण समोर टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीचा, छापील रिपोर्ट, खाली सही-शिक्का. कोणीही विश्वास ठेवला असता. टीएसएच नॉर्मल होतं, त्यावरून गाठ कसली हे कळतच नाही. थायरॉइडच्या कॅन्सरमध्येही ते बहुतेकदा नॉर्मल असतं.

थेंबांचा हिशोब बघा. एका थेंबात 6 मिलिग्रॅम आयोडीन, रोज चार थेंब, म्हणजे 24 मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं. 160 पट! याने धडधाकट थायरॉइड बिघडू शकतं, सिस्ट जागची हलत नाही.

तक्रार केली, तर औषधांवर देखरेख करणारे म्हणाले हे औषध नाही, पूरक आहार आहे. डॉक्टरांची नोंदणी बघणारे म्हणाले हा डॉक्टरच नाही, आमच्याकडे येत नाही. डॉक्टर नाही हीच तर तक्रार होती! पोलिसांचं उत्तर, पैसे तुम्हीच भरलेत. मग दाद मागायची कुठे?

सोनोग्राफी आधी. सिस्ट काढण्यापूर्वी थायरॉइड जागेवर आहे ना, हे त्यातच बघून घ्या. क्वचित ती गाठ हेच शरीरातलं एकमेव थायरॉइड असतं. 'सुईने पाणी काढतो' म्हणणाऱ्याला नकार द्या, ते पुन्हा भरतं. सिस्ट्रंक नावाच्या ऑपरेशनमध्ये सिस्टसोबत हायॉइड या गळ्यातल्या छोट्या हाडाचा मधला तुकडाही काढतात. नुसती पिशवी काढली तर गाठ परतण्याची शक्यता बरीच वाढते. हाताला ठोके लागणाऱ्या गाठीत डॉप्लरआधी (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) सुई घालू देऊ नका. नाक दाबून जोर केल्यावर फुगत असेल तर लॅरिंगोसील (स्वरयंत्रातून बाहेर आलेली हवेची पिशवी) आहे का विचारा. तपासणीसाठी घातलेल्या सुईत पाण्यासारखा स्वच्छ द्रव आला तर तो फेकू देऊ नका, त्यातलं पॅराथायरॉइड हार्मोन (थायरॉइडमागच्या छोट्या ग्रंथींचं) तपासायला लावा. झपाट्याने वाढणारी, दगडासारखी कडक किंवा आवाज बसवणारी गाठ असेल तर थेंब-बिंब सोडा, त्याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.