निलगिरी की सुबाभूळ? मातीच्या बाजूने बघितलं तर

मुलुंडला राहून मुरबाडकडच्या जमिनीत सरपणाची झाडं लावायची का, असं दोघातिघांनी विचारलं म्हणून लिहितोय. मी दीड एकरात दोन्ही लावून बघितली. भाव आणि टनाचा हिशोब व्यापारी सांगेलच, दोन्ही चार-पाच वर्षांत तोडणीला येतात आणि बुंध्यातून परत फुटतात.

निलगिरी सरळ वाढते, गुरं तोंड लावत नाहीत, राखण जवळपास शून्य, हे मान्यच. पाणी पिते म्हणून बोंब असते, कर्नाटकने तर २०१७ मध्ये नव्या लागवडीवर बंदीच घातली, पण आमच्याकडे पाऊस एवढा कोसळतो की मला त्याचं टेन्शन नव्हतं. माझं डोकं फिरवलं ते पाल्याने. कुजतच नाही हो! अख्खा पावसाळा अंगावर घेऊन दिवाळीत बघावं तर पानं तशीच, चामड्यासारखी. आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर पाला सारून काठीने उकरलं तर वर बोटभर ओल आणि खाली पिठासारखी कोरडी धूळ, पानांतल्या तेलकटपणामुळे माती पाणी धरत नाही आणि सगळं उतारावरून बांधापलीकडे. त्यात पहिल्या तोडणीला व्यापाऱ्याने सालीसकट उचललं, निलगिरीचं बरंचसं कॅल्शियम सालीतच असतं हे मला मागाहून कळलं. लावलीत तर निदान साल आणि डहाळ्या जागेवरच पाडायला सांगा.

सुबाभळीची बारीक पानं माझ्याकडे महिन्याभरात मातीत दिसेनाशी होतात. मुळावरची गाठ नखाने फोडली की आत गुलाबी दिसते, म्हणजे हवेतला नत्र धरायचं काम चालू आहे. माती परीक्षण मी काही केलेलं नाही, पण त्या अर्ध्यात कुदळ जाते आणि गांडुळं निघतात, दुसऱ्या अर्ध्यात कुदळ वाजते. अर्थात तुमची माती वेगळी असेल, फार आम्लधर्मी जमिनीत सुबाभूळ कुरकुरते, तिथे गिरिपुष्प बघा.

तिचाही ताप आहेच, बी. मुंबईत रेल्वेच्या कडेला कोणी न लावता माजलेली दिसते ना, तेच शेतात होतं. शेंगा वाळायच्या आत छाटली नाही तर शेजाऱ्याच्या भाताच्या बांधावर उगवते आणि मग ऐकून घ्यावं लागतं. परवाच्या रविवारी दोन तास रोपं उपटत होतो, कोवळी असतील तर ओल्या मातीतून मुळासकट येतात. निलगिरीचे बुंधे काढायला मात्र जेसीबी बोलवावा लागला.