सिझर लिफ्ट टेबल (५०० किलो, पायाने पंप मारायचं) : प्रेस शॉपसाठी घ्यावं का?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमच्या प्रेस शॉपला (प्रेसवर पत्र्याचे पार्ट काढतो तिथे) हे कात्रीसारख्या पायांवर वर-खाली होणारं टेबल वर्षभर तिन्ही शिफ्टला चालतंय म्हणून लिहितोय. घ्याच.

लोकांना वाटतं कंबर डाय, म्हणजे प्रेसचा जड साचा, उचलताना जाते. डायला क्रेन असते हो, चार माणसं असतात. पोरांची कंबर जाते ती जमिनीवरच्या बिनमधून (पार्टच्या मोठ्या पेटीतून) पार्ट काढताना, खाली वाकायचं, तळातला पार्ट ओढायचा आणि तसंच अर्धवट वळून प्रेसवर ठेवायचा, हे आठ तास. सेकंड शिफ्टचा एक ऑपरेटर उसण भरली समजून बाम चोळत काम करत राहिला, मग पायाला मुंग्या यायला लागल्या, एमआरआय काढला तर कमरेच्या मणक्यातली एल फोर-एल फाईव्हची गादी सरकलेली. वय तिशीच्या आत. फार वाईट वाटलं.

कामाच्या जागची सुरक्षा बघणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश (NIOSH) संस्थेचा हिशोब असा की वजन अंगाजवळ, कमरेच्या आसपास, न वळता उचलायचं असेल तरी २३ किलोच्या वर नको, आणि वजन अंगापासून लांब गेलं की हा आकडा झपाझप खाली येतो. म्हणून तळातला दहा-बारा किलोचा पार्टसुद्धा नडतो.

कमरपट्टे आम्ही आधी वाटले होते. ज्याची कंबर धड आहे त्याची इजा पट्ट्याने टळते असा पुरेसा पुरावा नाही, हे नायॉशनेच १९९४ ला सांगितलंय. पट्टा बांधला तरी वाकणं तेवढंच राहतं ना.

टेबल खाली ३४ सेंमी, वर ८८ पर्यंत जातं. बिन रिकामी होत गेली की पेडल मारून वर घ्यायची, हात कमरेच्या लेव्हललाच राहतात. पण भरलेली बिन टेबलावर स्टॅकरनेच (माल उचलायच्या गाडीनेच) चढवा, हाताने चढवली तर सगळं मुसळ केरात!

त्रास म्हणाल तर चाकात बर (पार्टच्या कडेचा धातूचा कचरा) अडकतो, रोज झाडावं लागतं. फुल लोडला पेडल जड जातं. खाली घेताना लिव्हर हळू सोडा, पाय लांब ठेवा. सिलिंडरच्या सीलमधून ऑइल गळायला लागलं की लगेच बदलून घ्या.

घेताना डीलरकडे रिकाम्या टेबलाचा डेमो बघू नका, आपली भरलेली बिन ठेवून बघा आणि टेबल ऑपरेटरलाच चालवू द्या.