ख्रिसमसला कार्ड पाठवायचं की सरळ मेसेज?

कागदी कार्ड म्हणजे जिव्हाळा आणि मोबाइलवरचा मेसेज म्हणजे आळस, असं सरसकट बोललं जातं, पण मला ते अर्धंच पटतं. कार्डाचा जन्मच मुळी लिहायचे कष्ट वाचवायला झालाय. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र जायला लागलं, पत्रांचा ढीग वाढला आणि लंडनच्या हेन्री कोलला प्रत्येकाला उत्तर लिहिणं जमेना, मग १८४३ मध्ये त्याने जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि छापूनच टाकलं, वर समोरच्याचं नाव, खाली आपलं, झालं काम! आजच्या फॉरवर्डचे आजोबाच म्हणा ना. (त्या चित्रात लहान मुलाला वाइन पाजताना दाखवलं म्हणून ओरड झाली ती वेगळीच.) आणि स्वस्त तर तेव्हाही नव्हतं, एक शिलिंग, म्हणजे टपालखर्चाच्या बारा पट.

त्यामुळे आत नुसती सही करणार असाल तर कार्डाचा खटाटोप करूच नका, त्यापेक्षा दोन ओळी स्वतः टाइप केलेला मेसेज बरा, लगेच उत्तर येतं आणि गप्पा सुरू होतात.

पण एका बाबतीत मेसेज कार्डाच्या जवळपासही येत नाही, ती म्हणजे मांडणी. मेसेज तासाभरात वर सरकून गायब, कार्ड मात्र शेल्फवर नाहीतर दोरीला चिमट्याने लटकून नाताळ संपेपर्यंत घरात असतं, येताजाता दिसतं, आलेला पाहुणा उचलून आतलं वाचतो पण, कोणाचं ते विचारतो. वयस्कर माणसांना आणि वर्षातून एकदाच आठवण काढतो अशांना म्हणून कार्डच. फक्त पत्ता आधी तपासा आणि परदेशी जायचं असेल तर नोव्हेंबरातच लिहायला बसा, शेवटच्या आठवड्यात जाग आली तर मग मेसेजच.

फॅमिली फोटो छापलेलं कार्ड दिसतं छान, पण नंतर त्याचं करायचं काय, फेकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. चमकीवालं तर घेऊच नका, चमकी घरभर होते आणि ते कार्ड रिसायकलिंगलाही चालत नाही.

आणि हो, दोरी बांधाल ती मेणबत्त्यांपासून लांब.