शेवभाजी झकास आहेच, पण 4 जून 2024 ला लोकसभेच्या निकालाच्या दिवशी तिथे बसलो ते जास्त सांगण्यासारखं (धुळे)

धुळ्यात शेवभाजी खायला जागा कमी नाहीत, पण आग्रा रोडवरून आत वळलं की जे जुनं हॉटेल लागतं तिथली भाजी मला सगळ्यात आवडते. नाव टाकत नाही कारण मालक अण्णांनीच सांगितलंय की ताई नाव नका लिहू, आत्ताच दुपारची गर्दी आवरत नाही. धुळेकरांना कळेल.

आधी खाण्याचं. रस्सा खरा खानदेशी, खोबरं आणि कांदा चांगला काळा होईपर्यंत भाजून केलेल्या मसाल्याचा, वर तेलाचा तवंग, पण तेल पिऊन उठल्यासारखं वाटत नाही. शेव जाड आणि ती वेगळ्या वाटीत देतात, म्हणजे आपण लागेल तशी टाकायची, त्यामुळे शेवटच्या घासापर्यंत शेवेचा लगदा होत नाही. ही एवढीशी गोष्ट बाकी ठिकाणी कोणी का करत नाही मला कळत नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी गरम येते, ठेचा मागावा लागत नाही, कांदा-लिंबू परत परत देतात. सकाळी पोहे असतात, ते ठीक, त्यासाठी मुद्दाम जाऊ नका. चहा मात्र फार गोड, बिनसाखरेचा मागितला तर वेगळा करून देतात पण वेळ लागतो.

आता निकालाच्या दिवसाचं, कारण रिव्ह्यू लिहायला बसले ते त्यासाठीच.

4 जूनला मंगळवार होता, ऊन इतकं की कूलर पण गरम हवा फेकत होता. मी आणि माझी नणंद दवाखान्याचं काम उरकून साडेनऊच्या सुमाराला तिथे गेलो, नाश्ता करून निघायचं होतं आणि उठलो ते दुपारी. 1 जूनला संध्याकाळी सगळ्या चॅनलवर एक्झिट पोल आले होते, बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर नेलं होतं, काहींनी तर पार चारशेपर्यंत, निकालाच्या आदल्या दिवशी शेअर बाजार अडीच हजार पॉइंटने वर गेलेला, त्यामुळे निकाल बघायला असं कोणी आलंच नव्हतं, सगळ्यांना वाटत होतं की निकाल माहितीये, फक्त आकडा किती तेवढंच बाकी. आणि मग दहा-साडेदहाला हॉटेलात एकदम आवाज कमी झाला. वाराणसीत सुरुवातीच्या फेरीला खुद्द मोदी मागे दिसले तेव्हा लोक खुर्च्या ओढून टीव्हीजवळ गेले, कोणीतरी म्हणालं अरे चॅनलवाल्यांची चूक असेल. नंतर ते दीड लाखाने निवडून आले ती गोष्ट वेगळी, पण 2019 ला तिथलं लीड पावणेपाच लाखाच्या वर होतं.

इथे अण्णांनी जे केलं त्याला मी पाच स्टार देते. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र चालू, आवाज बंद. आणि आजच्या भाज्यांचा जो काळा फळा आहे तो पुसून त्यावर तीन रकाने आखले, वेळ, डॉ. भामरे (भाजपचे), डॉ. बच्छाव (काँग्रेसच्या), आणि गल्ल्यावरच्या पोराला सांगितलं की निवडणूक आयोगाच्या साइटवर आकडा बदलला की इथे लिहायचा, दुसरं काही लिहायचं नाही. कोणी फोनवर सांगितलं की आमच्या माणसाने मोजणीच्या हॉलमधून कळवलंय, अमुक एवढ्याने पुढे, तर अण्णा म्हणायचे तोंडाने सांगा, फळ्यावर नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांना हाच नियम. एक ओळखीचे नगरसेवकाचे कार्यकर्ते आले, त्यांनी बराच आग्रह केला, त्यांनाही नाहीच.

धुळ्याची सीट अशी अटीतटीची होईल असं कोणाला वाटलंच नव्हतं. 2019 ला भामरे सव्वादोन लाखाच्या वर मतांनी आलेले, केंद्रात राज्यमंत्री राहिलेले, आणि समोर शोभा बच्छाव नाशिकच्या, त्यांना तिकीट मिळालं तेव्हा काँग्रेसवालेच नाराज होते. आणि फळ्यावरचा फरक मात्र वाढायचा, कमी व्हायचा, परत वाढायचा, छातीठोक काही सांगता येईना. आमच्या शेजारच्या टेबलावर एक निवृत्त गुरुजी होते, आयुष्यभर इलेक्शन ड्युटी केलेले, त्यांनी पोरांना जे समजावून सांगितलं ते मलाही नीट माहिती नव्हतं. आठ वाजता पोस्टल मतं घेतात, साडेआठला मशीन उघडायला सुरुवात, एका विधानसभेला साधारण चौदा टेबलं, म्हणजे एका फेरीत चौदा बूथ, आणि ज्या विधानसभेत बूथ जास्त तिथे फेऱ्या जास्त. म्हणून आघाडी म्हणजे निकाल नाही, आत्तापर्यंत कोणत्या गावाची पेटी उघडली एवढंच ते सांगतं. धुळे लोकसभेत सहा विधानसभा, तीनच धुळे जिल्ह्यातल्या, धुळे ग्रामीण, धुळे शहर, शिंदखेडा, आणि तीन नाशिक जिल्ह्यातल्या, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण. पाच ठिकाणी भामरे पुढे आणि एकट्या मालेगाव मध्यने बच्छावबाईंना एवढं दिलं की पाचही भरून निघाले. शेवटी फरक 3,831 मतांचा. साडेअकरा लाखाच्या वर मतं दोघांना मिळून पडलीत, त्यात 3,831!

एका पोराने विचारलंच, गुरुजी मशीनमध्ये गडबड झाली तर? त्यांनी त्याला गप्प नाही केलं. मतदान संपल्यावर प्रत्येक बूथवर 17-सी फॉर्म भरतात, किती मतं पडली तो आकडा एजंटच्या हातात सहीनिशी मिळतो, मोजणीच्या दिवशी मशीनचा आकडा त्याच्याशी जुळवायचा, आणि प्रत्येक विधानसभेत चिठ्ठी काढून पाच व्हीव्हीपॅटच्या (मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) स्लिपा हाताने मोजतात, म्हणजे आपल्या लोकसभेत तीस. तू एजंट म्हणून बस कधीतरी, मग विचार, असं म्हणाले. मला हे फार बरं वाटलं. रात्री टीव्हीवर आठ जण एकमेकांवर ओरडतात त्यात हे एकदाही कोणी सांगत नाही.

लोकांच्या प्रतिक्रिया म्हणाल तर टीव्हीवर दाखवतात तशा नव्हत्या. फैजाबादचा आकडा पट्टीवर आला, अयोध्या ज्यात येते ती सीट, समाजवादीचे अवधेश प्रसाद पुढे, तेव्हा एक काका, जे जानेवारीत राममंदिर उघडल्यावर तिथे जाऊन आलेले, ते हातातला घास ताटात ठेवून नुसते स्क्रीनकडे बघत राहिले. म्हणाले, "तिथे कसं काय व्हयनं भो?" कोणी हसलं नाही. सटाण्याकडचा एक शेतकरी बसला होता, तो सावकाश म्हणाला, "काका, तिथलं मला माहीत नाही, आमच्याकडचं सांगतो. डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद केली, आमचा माल कांदाचाळीत पडून. मे मध्ये उघडली ती पण चाळीस टक्के ड्युटी लावून, आणि वीस मेला आमचं मतदान. माणूस एवढ्या लवकर विसरत नाही." काका म्हणाले मग मोदींना शिक्षा का? तो म्हणाला शिक्षा नाही काका, ऐकू जावं म्हणून. आणि मग कापसाचं निघालं, लांब धाग्याचा हमीभाव 7,020 असताना बाजारात त्याच्या खाली विकावा लागला, कित्येकांच्या घरात तेव्हाही पडून होता. दुसरा एक जण, साधा पँट-शर्टातला, पेंटरकाम करतो म्हणाला, त्याचं म्हणणं वेगळं होतं, चारशे जागा कशाला पाहिजेत ते कोणी नीट सांगितलं नाही, आमच्या वस्तीत संविधान बदलतील अशी भीती होती, म्हणून म्हातारी माणसंसुद्धा उन्हात रांगेत उभी राहिली. काकांनी ते ऐकून घेतलं. पटलं असं नाही म्हणाले, पण ऐकून घेतलं आणि नंतर दोघांनी एकाच जगमधून पाणी घेतलं.

एका तरुणाचा चेहरा पार उतरलेला, मोबाइलवर बाजार बघत होता, त्या दिवशी सेन्सेक्स 4,390 पॉइंटने पडला, आदल्या दिवशी एक्झिट पोल बघून घेतलेले शेअर. त्याला धीर द्यायला जो माणूस उठला तो काँग्रेसचा गमछावाला होता, हे मी स्वतः बघितलंय.

दुपारपर्यंत चित्र बरंचसं स्पष्ट झालं, भाजप एकट्याच्या जोरावर बहुमताचे 272 गाठत नाही, शेवटी 240 वर थांबले, एनडीए मिळून 293, काँग्रेस 99. महाराष्ट्रात तर 48 पैकी 30 महाविकास आघाडीला आणि महायुतीला 17, एक सांगलीचे विशाल पाटील अपक्ष. सरकार तेच आलं, पण सकाळी जे लोक निकाल माहितीये म्हणून पोहे खायला बसले होते ते दुपारी, ज्यांच्या टेकूवर आता सरकार येणार होतं त्या नायडू आणि नितीशकुमारांचे आकडे पाठ म्हणत होते. मला वाटतं त्या दिवशी सगळ्यात जास्त धक्का याचा बसला की शेजारच्या टेबलावरचा माणूस काय विचार करतोय हे आपल्याला माहीतच नव्हतं. वर्षानुवर्षं एकाच हॉटेलात खातोय, एकाच व्हॉट्सअप ग्रुपवर आहोत, आणि तरी. एक्झिट पोलवाले चुकले म्हणून त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण तो शेतकरी काय म्हणतोय हे काकांनी त्याला त्या दिवसाआधी कधी विचारलं असेल? म्हणून मला हे हॉटेल एवढं महत्त्वाचं वाटतं. आवाज बंद टीव्ही, खरा आकडा फळ्यावर आणि समोर गरम भाकरी, एवढं असलं की माणसं बोलतात आणि भांडत नाहीत, अण्णांना हे कळलेलं आहे.

आता तक्रार, आणि ही मी मनापासून करतेय. आम्ही दोघी आत शिरलो तेव्हा वेटरने सवयीने सांगितलं, फॅमिली वर. वरच्या खोलीत टीव्ही नाही, फळा दिसत नाही, आणि तिथे सात-आठ बायका बसलेल्या होत्या, त्यातल्या दोघी बँकेत काम करणाऱ्या, एक आशाताई (गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशा सेविका), आणि त्या सगळ्या दर थोड्या वेळाने पाण्याच्या पोराला खाली पाठवून विचारत होत्या की आता कोण पुढे आहे. त्यांनीही वीस तारखेला उन्हात उभं राहून मत दिलंय ना! आम्ही खालीच बसणार म्हटल्यावर अण्णांनी लगेच खिडकीजवळचं टेबल रिकामं करून दिलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण आम्ही बोललो म्हणून मिळालं. आशाताईंना मी खाली बोलावलं, त्या आल्या, आणि मालेगाव बाह्यच्या कोणत्या गावात पाण्याचे टँकर कधीपासून चालू आहेत हे त्यांनी जे सांगितलं ते ऐकून गुरुजीसुद्धा वही काढून बसले. अशी माणसं वरच्या खोलीत का?

बाकी किरकोळ, गाडी लावायला जागा नाही, टू-व्हीलर असेल तरच जा. क्यूआर कोड आहे पण आत रेंज नाही, सुटे पैसे ठेवा. हात धुवायच्या बेसिनपाशी साबण कधी असतो कधी नसतो. दोघींनी पोटभर खाऊन वर दोन-दोन चहा घेऊनही बिल माफक झालं, आणि एवढा वेळ बसलो तरी कोणी उठा म्हटलं नाही. सोमवारी संध्याकाळी बंद असतं.

जेवणाला साडेचार, त्या दिवसाच्या व्यवस्थेला पाच, बायकांच्या बसण्याच्या व्यवस्थेला दोन. पुढच्या निवडणुकीलाही मी निकालाला इथेच येणार आहे आणि येताना मैत्रिणींना घेऊन येणार आहे. अण्णा, तुम्ही हे वाचाल असं तुमचा मुलगा म्हणाला, तर तेवढं करा, वर एक टीव्ही लावा नाहीतर खालच्या चार टेबलांवर बायकांना बिनधास्त बसू द्या, मला विचाराल तर दुसरं जास्त बरं.