गोधड्या शिवायला घरी जुकी ८७०० शिवणमशीन आणली, आठ महिने वापरून लिहितेय

घेतल्या घेतल्या लिहिणार होते पण मुद्दाम थांबले, आता दोन डबलबेडच्या गोधड्या, चार सिंगल आणि बाळांची दुपटी तर किती झाली मोजली नाहीत, एवढं काम काढल्यावर लिहितेय. ज्यांना घरी गोधडी किंवा क्विल्ट करायची खरंच आवड आहे आणि आता जुनी मशीन बदलू का असं मनात चाललंय त्यांच्यासाठी आहे हे.

आधी माझ्याकडे आईची काळी पायमशीन होती, तिलाच मी मोटर लावून घेतली. ब्लाउज, परकर, पडदे, पिशव्या, सगळं तिच्यावर झालं, तक्रार काहीच नाही. पण डबलबेडची गोधडी म्हणजे ९० बाय १०० इंच, पाच लुगड्यांचे थर, आणि मधला टाका घालायचा म्हणजे अर्धी गोधडी गुंडाळून सुईच्या उजवीकडे कोंबायची. तिथे जागा किती तर साडेसहा इंचाच्या आसपास! गुंडाळी अडकली की कापड सरकत नाही, सुई आहे तिथेच टाके घालत बसते, मग तो तांदळाच्या दाण्याएवढा बारीक टाका उसवायचा. एका रात्री दीड तास नुसतं उसवत होते, तेव्हाच ठरवलं की आता मशीन बदलायची.

दुकानात गेलं की पहिल्यांदा कॉम्प्युटरवाली मशीन दाखवतात, शेकडो डिझाइन, फुलं, अक्षरं. छान असतात त्या, पण मला हवा होता एकच सरळ टाका, तो पाच थरांतून एकसारखा पडायला हवा आणि सुईच्या उजवीकडे जागा हवी. घरगुतीत खास क्विल्टिंगसाठीची जुकीची टीएल-२०१०क्यू पण बघून ठेवली होती, मिनिटाला १५०० टाके, फक्त सरळ टाका, कापड पुढे सरकवणारे दाते खाली करता येतात, म्हणजे कापड हाताने कसंही फिरवून नक्षी काढता येते. पण मी शेवटी डीडीएल-८७०० घेतली, जी आपल्याकडे प्रत्येक टेलरकडे आणि कारखान्यात दिसते ती. कारण सरळ आहे, हिचा मिस्त्री गल्लीत मिळतो, सुया-बॉबिन-फूट रविवार पेठेत कुठेही मिळतात, आणि टेबल, स्टँड, मोटर धरून मला २७,००० च्या आसपास पडली.

मोटरचं मात्र नीट बघून घ्या. जिथून घेतली त्यांनी ठरलेली सर्वो मोटर न लावता क्लच मोटर लावून पाठवली. ओळखायचं कसं? बटण दाबलं की क्लच मोटर लगेच घूं घूं सुरू होते, पाय ठेवला नाही तरी ती फिरतच असते. सर्वो गप्प बसते, पायडल दाबलं तरच फिरते, वीज कमी खाते आणि वेग बटणाने कमी करून ठेवता येतो. ही मशीन मिनिटाला ५५०० टाक्यांपर्यंत धावू शकते, घरात एवढा वेग कुणाला हवाय, मी तर पहिले पंधरा दिवस सगळ्यात कमी वेगावर शिवलं. तीन फेऱ्या मारून मोटर बदलून घेतली पण घेतलीच.

आता काय आवडलं ते. उजवीकडची जागा साधारण दहा इंच आहे, गुंडाळी आरामात बसते. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, गुडघ्याने उचलता येतं, १३ मिलिमीटरपर्यंत उचलतं, आणि हे मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण कोपरा वळवताना दोन्ही हात गोधडीवरच राहतात. बॉबिन भरायचं चाक बेल्टला टेकून फिरतं, त्यामुळे एकीकडे शिवत असताना दुसरीकडे बॉबिन भरत राहते, गोधडीला दोरा किती लागतो हे शिवणाऱ्यांना माहितीये.

सुईची सवय करावी लागते. हिला डीबी बाय १ ची सुई लागते, गोल दांड्याची, घरगुती मशीनची चपट्या दांड्याची चालत नाही. चपटी बाजूच नाही म्हणजे उलटी बसायची शक्यता जास्त, सुईची लांब खाच डावीकडे यायला हवी आणि दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा. मी सवयीने समोरून ओवायच्या हिशोबाने लावली आणि टाकाच पडेना, अर्धा तास दोऱ्याचं टेन्शनच ढिलं-घट्ट करत बसले. जुन्या सुती साड्यांना १४ नंबर, जीन्सचे तुकडे घातले तर १६.

तेल हाताने थेंब थेंब सोडायचं नाही, खाली तेलाचा ट्रे असतो त्यात दोन खुणांच्या मधे भरायचं, वरच्या छोट्या काचेतून तेल उडताना दिसतं. पण नवीन मशीनवर आधी चिंध्या शिवा, भरपूर. मी आईच्या पांढऱ्या नऊवारीचा तुकडा पहिल्याच दिवशी घातला आणि त्यावर तेलाचा डाग पडला, तो अजून पूर्ण गेला नाही.

हिचे दाते घरगुती मशीनसारखे खटका फिरवून खाली जात नाहीत, म्हणजे वेलबुट्टी काढत फिरायचं असेल तर ही घेऊ नका. टाकाही ४ मिलिमीटरपर्यंतच मोठा होतो, फार जाड काम असेल तर ५ वाली ८७००एच बघा. आणि दाते खालचा थर ओढतात, फूट वरचा थर मागे ठेवतं, हे सगळ्याच साध्या मशीनला होतं. माझ्या पहिल्या गोधडीच्या मधोमध चक्क फुगा आला. सासूबाई हाताने वाकळ शिवतात तेव्हा कडेपासून सुरू करून चौकटीत आत आत जातात, मी तेच मशीनवर केलं होतं. त्यांनी हात फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "मशीन रेटत नेतं गं, सगळी ढील मधे गोळा झाली. आधी ताणून वीत-वीत अंतरावर टाचून घे, आणि मधनं बाहेर जा." तेव्हापासून मी फरशीवर पसरून, कडा चिकटपट्टीने चिकटवून, कच्चा धावदोरा घालूनच मशीनवर घेते. फुगा परत आला नाही.

आणि खोली! मशीनइतकाच फरक खोलीने पडला. दहा बाय दहाची मागची खोली आहे, मशीनची मागची बाजू भिंतीला लावली आणि डावीकडे सुताराकडून मशीनच्या टेबलाच्या अगदी समपातळीत तीन फुटांचं सनमायकाचं टेबल करून घेतलं. गोधडी खाली लोंबली की तिचं वजन सुईला ओढतं आणि टाका लहान-मोठा होतो, आता ती पूर्ण टेबलावरच पसरून राहते. हे टेबल जुन्या मशीनलाही केलं असतं तरी निम्मा त्रास वाचला असता, म्हणून बजेट कमी असेल तर आधी टेबल करा, मशीन नंतर. समोरच्या भिंतीवर फ्लॅनेलचं कापड ताणून लावलंय, सुती चौकोन त्याला नुसते टेकवले तरी चिकटून राहतात, लांब उभं राहून रंग बघता येतात. दुसऱ्या मजल्यावर राहतो म्हणून स्टँडच्या पायांखाली जाड रबर घातलं, आणि रात्री नऊनंतर शिवत नाही.

सध्या भिंतीवर सासूबाईंच्या हिरव्या इरकलीचे चौकोन लावलेत, त्या रोज येऊन दोन इकडचे तिकडे करून जातात, ठरलं की टाचायला घेऊ.